बारा डबे, पंधरा डबे आणि सहमूळ संख्या

मुंबईतल्या नाहूर स्टेशनला धीमी लोकल थांबते; जलद गाडी भांडुपहून थेट मुलुंडकडे निघून जाते. डबे मोजले तर कुठे १२, कुठे १५. पूर्वी ९ डब्यांच्या गाड्याही होत्या. १० किंवा १३ डब्यांची लोकल मात्र नसते, कारण साध्या लोकलचा रेक तीन-तीन डब्यांची युनिट जोडून बनतो. १२ आणि १५ या दोन्हींना ३ ने भाग जातो, म्हणून त्या सहमूळ नाहीत. तो ३ काढला की युनिटांची संख्या उरते, ४ आणि ५. या दोघींना १ सोडून एकही समान विभाजक नाही. ही झाली सहमूळ जोडी.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारी मुलं इथेच अडतात. ४ ही मूळ संख्या नाही, मग सहमूळ कशी? पण सहमूळ असणं हा एकट्या संख्येचा गुण नाहीच, तो जोडीचा आहे. ८ आणि १५ दोन्ही संयुक्त, तरी एकमेकींशी सहमूळ. दोन सम संख्या कधीच सहमूळ नसतात. लागोपाठच्या दोन संख्या मात्र नेहमीच असतात. का, ते मुलांना जरूर सांगावं. जो आकडा दोन्ही संख्यांना भागतो, तो त्यांच्या फरकालाही भागतो. इथे फरकच १, मग दुसरा विभाजक येणार कुठून?

ही फरकाची युक्ती हाती आली की विभाजकांच्या लांबलचक याद्या करायची गरज उरत नाही. मोठ्या संख्येला लहानीने भागायचं, मग लहानीला बाकीने, असं बाकी शून्य होईपर्यंत. शेवटचा भाजक म्हणजे मसावि. तो १ आला तर जोडी सहमूळ.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’तल्या कुट्टकाच्या प्रकरणात हीच रीत दिली. त्यांचं उदाहरण असं: २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले, तर १९५ ने नि:शेष भाग जाईल? २२१ ला १९५ ने भागल्यावर बाकी २६; १९५ ला २६ ने भागल्यावर १३; २६ ला १३ ने भागल्यावर शून्य. मसावि १३. त्याने तिन्ही आकडे भागले की १७, ५ आणि १५ उरतात. १७ आणि १५ आता सहमूळ, आणि गणित तोंडी सुटतं: १७ पंचे ८५, अधिक ५, म्हणजे ९०. त्याला १५ ने भाग जातो. उत्तर ५.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात आहे. त्या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

आज घरातल्या मुलाला एवढंच विचारा: ३९१ आणि ४३७ सहमूळ आहेत का? पाढे आठवत बसू देऊ नका, भागाकार करू द्या. तीन भागाकारांत उत्तर येतं.