डोंगरवाटेवर बाळ आणि श्वान : बलार्धाचा विचार

हेमंत ऋतू लागला की पुण्या-मुंबईकडील चिकित्सालयांत व औषधी दुकानांत एक प्रश्न अलीकडे वारंवार येऊ लागला आहे. ‘बाळ सात-आठ महिन्यांचे आहे. रविवारी सिंहगडावर न्यावे म्हणतो. घरचा कुत्राही बरोबर असेल. काय द्याल?’ या ‘काय द्याल’ला उत्तर म्हणून आपण बहुधा एक चूर्ण, एक तेल आणि एक मलम पुढे करतो. वस्तुतः हा प्रश्न औषधाचा नसून व्यायाममात्रेचा आहे, आणि व्यायाममात्रेसंबंधी आपल्या शास्त्रात पुरेसे स्पष्ट विवेचन उपलब्ध आहे.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत व्यायाम अर्धशक्तीने, तोही शीतकाली व वसंतात करावा असे सांगितले आहे आणि बाल, वृद्ध व अजीर्णी यांना तो वर्ज्य ठरविला आहे. अर्धशक्ती झाली हे ओळखण्याची लक्षणेही आपणांस परिचित आहेत : काखेत, कपाळावर, नाकावर व सांध्यांच्या ठिकाणी घाम येणे, मुखास कोरड पडणे, श्वास तोंडाने सुरू होणे. मात्र ही लक्षणे प्रौढ मनुष्याची आहेत. वर उल्लेखिलेल्या कुटुंबात दोन घटक असे आहेत की ज्यांच्या ठायी ती वाचताच येत नाहीत. सारी मेख येथेच आहे.

बाळ पाठीवर बसलेले असते. ते चालत नाही. त्यामुळे पित्याच्या शरीरात चढणीने जो उष्मा उत्पन्न होतो, तो बाळाच्या शरीरात होत नाही. आतकरवाडीपासून सिंहगडाचा चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. तेवढ्या उंचीवर हवेचे तापमान साधारण ४ अंशांनी उतरते आणि वर वारा असतो. घामाने निथळणारा पिता सदरा सैल करतो, त्याच क्षणी त्याच्या पाठीवरील बाळाचे लोंबते पाय गारठत असतात. याउलट बाळ छातीशी बांधले असेल आणि ऊन असेल, तर पित्याच्या अंगाची ऊब बाळाच्या उष्म्यात भर घालते व ती बाहेर पडण्यास वाट राहत नाही. तात्पर्य, स्वतःच्या शरीरावरून बाळाची अवस्था जोखणे हे दोन्ही प्रसंगी फसवे ठरते. मानेवर व छातीवर हात ठेवूनच पाहावे. केवळ हातपाय थंड लागण्यावरून निष्कर्ष काढू नये. बाळ सुस्त होणे, दूध न ओढणे, सहा तास लघवी न होणे, टाळू खोल जाणे ही लक्षणे दिसल्यास ती सहल तेथेच संपली असे समजावे.

श्वानाची गोष्ट वेगळी. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. शरीर थंड करण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. म्हणजे मुखाने श्वास हे आपण मानलेले बलार्धाचे लक्षण त्याच्या बाबतीत पहिल्या पाच मिनिटांतच दिसू लागते व पुढे निरुपयोगी ठरते. शिवाय धन्यामागे धावण्याच्या ओढीने तो कोसळेपर्यंत थांबत नाही. जीभ रुंद व गडद लाल होणे, लाळ घट्ट व चिकट होणे, चाल अडखळणे, वांती होणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मग पशुवैद्याकडे न्यावे. आधी थंड करणे, मग वाहून नेणे, हा क्रम मोडू नये. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना चढाची वाट नकोच. मोठ्या जातीचे पिल्लू वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत त्याची हाडे वाढीस लागलेली असतात. त्यालाही लांब उतार सोसत नाही. आपला काळा बेसॉल्ट सकाळी दहा-अकरानंतर किती तापतो हे वेगळे सांगावयास नको. हाताची पालथी बाजू सात सेकंद खडकावर टेकवता आली नाही, तर श्वानाचे पंजेही तेथे टेकू नयेत.

म्हणून वेग ठरवावयाचा तो घड्याळावर. दर पाऊण तासाने थांबणे, बाळास पिशवीतून पूर्णपणे काढणे, दूध पाजणे, श्वानास पाणी देणे. आणि ठरविलेल्या एकूण वेळेचा निम्मा भाग संपताच, माथा कितीही जवळ असला तरी, परतणे. अर्धशक्तीचा नियम येथे शब्दशः लागू करावा असे माझे मत आहे.

वय आणि वाहन

काश्यपसंहितेत निष्क्रमण चौथ्या महिन्यात सांगितले आहे. मान धरण्याचा काळही साधारण तोच, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यापूर्वी घराबाहेर मोकळ्या हवेत नेणे वेगळे आणि डोंगर चढणे वेगळे. पाठीवरच्या सांगाड्याच्या कॅरिअरमध्ये बाळ आधाराविना बसू लागल्यावरच, म्हणजे सहा महिन्यांनंतरच, बसवावे. त्याआधी छातीशी, मुख दिसेल व हनुवटी छातीवर दुमडणार नाही अशा रीतीने बांधावे, आणि वाट सपाट निवडावी. कडेवर घेतलेल्या बाळाच्या मांड्या जशा फाकलेल्या व गुडघे कुल्ल्यांहून किंचित वर असतात, तशीच बैठक पिशवीत मिळाली पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांची पद्धत कटिसंधीच्या दृष्टीने योग्यच होती. उन्हासाठी पिशवीवर जाड कापड टाकण्याची सवय मोडावी, आत हवा कोंडून तापते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावी : ज्याच्या पाठीवर बाळ आहे, त्याच्या हाती अथवा कमरेला श्वानाची साखळी कदापि नसावी. माकड दिसताच श्वान झेप घेतो आणि उतारावरील मुरमावर माणूस बाळासह पडतो. दोन प्रौढ नसतील तर श्वानास घरी ठेवावे.

ऋतू आणि स्थान

पावसाळी भटकंतीचे वेड सध्या फार आहे. वर्षाऋतुचर्येत आयास वर्ज्य सांगितला आहे, आणि निसरडी वाट, साचलेल्या पाण्यातून माणसास व श्वानास होणारा लेप्टोस्पायरोसिस यांचा विचार केला तर त्या वचनास आजही पुष्टीच मिळते. शरदातील ऑक्टोबरचे ऊन टाळावे. हेमंत व शिशिर हाच काळ उत्तम.

स्थान निवडताना पालकांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, कर्नाळा, भीमाशंकर ही स्थाने अभयारण्यांच्या क्षेत्रात येतात. तेथे पाळीव श्वान नेऊ नये. घरच्या श्वानाकडून वन्यप्राण्यांकडे रोग जातात. गीरमध्ये २०१८ साली सिंह मृत्युमुखी पडले, त्यांत श्वानांत आढळणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूचा भाग होता. जुन्नर-नाशिककडील टेकड्यांवर बिबट्याचे भय उलट दिशेचे. श्वान हे त्याचे आवडते भक्ष्य असल्याने सूर्यास्तापूर्वी बरेच आधी खाली यावे. कड्यांवर आग्या मोहोळ असल्यास धूर, उग्र सुगंध व आरडाओरड टाळावी.

आपल्या दुकानातील वस्तू

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. सहलीहून आल्यावर खोकला होऊ नये म्हणून सितोपलादी मधातून देण्याची प्रथा आहे. एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये, असे आज बालरोगतज्ज्ञ एकमताने सांगतात. कारण मधात क्वचित असणारे बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या अपक्व आंत्रात वाढून विष निर्माण करतात आणि मध गरम केल्यानेही ते नष्ट होत नाहीत. जातकर्मातील मधु-सर्पीचा उल्लेख पुढे करून यावर वाद घालणारे सहकारी आहेत. परंतु क्षीराद अवस्थेतील बाळासाठी घृत अथवा मातेचे दूध हे अनुपान शास्त्रसंमतच असताना, हा धोका पत्करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. सहा महिन्यांखालील बाळास तर दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. कापूर असलेले मलम दोन वर्षांखालील बाळास देऊ नये, डास-गोचिडांसाठीही नाही; श्वान ते चाटतो हा दुसरा दोष.

प्रवासात मनुका द्या, असे आपण सहज सांगतो. द्राक्षे व मनुका श्वानाच्या वृक्कांस घातक आहेत, आणि चिंचेच्या बाबतीतही तसेच प्रसंग नोंदले गेले आहेत. टार्टारिक आम्ल हे कारण असावे असा सध्याचा तर्क आहे. बाळाच्या हातून सांडलेली मनुका श्वानाच्या पोटात जाते, म्हणून विक्री करतानाच हे सांगावे. चॉकलेट व कांद्याचेही तेच.

दंशाच्या बाबतीत संकोच नको. सर्पदंशात अवयव मोडल्याप्रमाणे स्थिर ठेवावा, आवळपट्टी बांधू नये, चिरू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. बाळाचे वजन कमी असल्याने विष अधिक बाधते, मात्र प्रतिविषाची मात्रा प्रौढाइतकीच लागते. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशात घाम, वांती, हातपाय गार पडणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून ही बालके वाचू लागली. वाडीवरच्या कुत्र्याने अथवा माकडाने ओरखडले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. घरच्या श्वानाची लस निघण्यापूर्वीच पूर्ण असावी.

घरी परतल्यावर

सहलीनंतरचा सर्वांत दुर्लक्षित भाग गोचिडांचा. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, गोचिडांमार्फत पसरणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते जून, म्हणजे सहलींच्या हंगामातच असतो. तळकोकणात जाणाऱ्या कुटुंबास याची कल्पना द्यावी. श्वानाच्या केसांतून गोचीड घरात येतो आणि ज्या चटईवर श्वान लोळतो तिच्यावरच बाळ रांगते. म्हणून उंबऱ्याबाहेरच श्वानाचे कान, मान, काखा व बोटांमधील जागा तपासाव्यात. बाळाच्या कानांमागे, केसांच्या कडेस व जांघेत पाहावे. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा. तेल, रॉकेल वा उदबत्तीचा चटका लावू नये. पुढील दोन-तीन आठवड्यांत कोणास ताप आल्यास तपासणाऱ्या वैद्याला या डोंगरफेरीची तारीख व ठिकाण सांगावे, आणि आपणही तापाच्या रुग्णास हा प्रश्न आपणहून विचारावा.