नळाला पाणी कधी सुटणार? केदारखेड्याच्या वाटेवरून दिसणारे जालना

भोकरदन तालुक्यात, पूर्णाकाठच्या केदारखेड्यातून राजूरच्या गणपतीवरून जाणारा रस्ता जालन्यात उतरतो. मोंढा, मोठा दवाखाना, जिल्ह्याची कचेरी, मुलांचे कॉलेज, सगळ्यासाठी या पट्ट्यातल्या माणसाला जालनाच गाठावे लागते. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्यालाही ठाऊक असते, आणि ती पोकळ नाही. लोखंडी सळ्यांचे कारखाने आणि बियाणांचा व्यापार यांनी हे शहर देशाला माहीत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच 'महिको' ही बियाणे कंपनी उभी केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण या कर्तबगार शहरात वर्षानुवर्षे घरोघर विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: नळाला पाणी कधी सुटणार? आठवड्याने की पंधरवड्याने, हे बहुतेक वेळा गल्लीत व्हॉल्व्हमन आल्यावरच कळते. दारातले ड्रम, गच्चीवरच्या टाक्यांची रांग, अंगणातला हौद, नळाला थेट जोडलेली मोटार यांकडे आपण घरगुती सोय म्हणून पाहतो. खरे तर पालिकेचे जे काम झाले नाही, त्याचीच ही उघडी नोंद आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: मराठवाडा, दुष्काळ. 2012च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, हे खरेच आहे. पण याच तलावाची हकिगत दुष्काळाच्या सबबीला पुरून उरते. निजामकाळात कुंडलिका नदीवर बांधलेल्या या तलावाचे पाणी उताराने शहराकडे येते, त्याला विजेची गरज नाही. असा ठेवा हाती असताना त्यात वर्षानुवर्षे गाळ साचू दिला गेला. तो काढायला शेवटी नागरिकांनी पुढाकार घेतला, वर्गण्या गोळा केल्या आणि शेतकऱ्यांनी गाळ आपल्या रानात नेला. पुढे 2013 मध्ये पैठणहून जायकवाडीचे पाणी आले. आता उताराचा एक आणि पंपाचा एक असे दोन स्रोत झाले, तरी नळाची वाट पाहणे संपले नाही. पाऊस कमी पडला तर धरण रिकामे राहील. पण भरल्या धरणाच्या वर्षीही वस्तीला वार ठरवून पाणी मिळत नसेल, तर तो दोष आभाळाचा नाही. कोणत्या टाकीतून किती पाणी सुटले, किती पोहोचले आणि मधे किती गळाले, हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून हे घडते.

लोक पट्टी भरत नाहीत, मग पालिका पैसा आणणार कुठून, असेही म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. थकबाकी आहे आणि ती भरलीच पाहिजे. पण जालनेकर पाण्यावर पैसा खर्च करत नाही, असे नाही. बोअर, मोटार, टाकी, टँकर, पिण्याच्या पाण्याचा जार, सगळे तो स्वतःच्या खिशातून आणतो. हा पैसा पालिकेच्या तिजोरीत न जाता घरोघर विखरून जातो आणि ज्याला बोअर परवडत नाही, तो सर्वांत जास्त भरडला जातो. वेळेवर पाणी आले तर पट्टी मागायला पालिकेला तोंड राहील. सुरुवात तिनेच केली पाहिजे.

महानगरपालिका नवी आहे, थोडा अवधी द्या, हा तिसरा मुद्दा. 2023 मध्ये ती झाली, राज्यातली एकोणतिसावी. पण पाटी बदलली म्हणून जलवाहिन्या आणि व्हॉल्व्ह नवे झाले नाहीत. शिवाय नगरपरिषदेची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026च्या मतदानापर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षे, इथे प्रशासकाचाच कारभार होता. पाणी का आले नाही, हे हक्काने विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. हा भाग एकट्या पालिकेच्या माथी मारता येणार नाही, निवडणुका लांबल्या त्याला वरच्या पातळीवरचा विलंब कारण होता. आता मात्र नगरसेवक आहेत. त्यांच्याकडे पहिली मागणी नव्या योजनेची नको. प्रत्येक वॉर्डात, सर्वांना दिसेल अशा भिंतीवर दोन तारखा लिहाव्यात: पाणी शेवटचे कधी सुटले आणि पुढचे कधी सुटणार.