खांदा बसला की कपडा बसला

धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा १४ एप्रिल जवळ आला, की वस्तीवस्तीत पांढऱ्या कापडाची खरेदी सुरू होते. ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्या भगिनी मुलींचे कुडते, स्वतःचे ब्लाऊज, मुलांचे सदरे घरीच शिवतात. शिलाईचे पैसे वाचतात खरे. पण पुष्कळदा नवा कपडा एकदा अंगावर चढतो आणि कायमचा पेटीत जातो. मग कापडाचे पैसेही वाया! कारण विचारले तर उत्तर ठरलेले : "खांदाच बसत नाही, माझं अंगच वाकडं." भगिनींनो, दोष अंगाचा नाही, नमुन्याचा आहे.

पुस्तकातला किंवा शिवणवर्गातला कागदी नमुना एका ठरावीक बांध्यासाठी काढलेला असतो. आपली माणसे हमाली करतात, पाट्या वाहतात, दिवसभर मशीनवर वाकतात. कोणाचा एक खांदा खाली असतो, कोणाचे दोन्ही पुढे आलेले असतात. कष्टाने अंगाला जे वळण लागले त्याची लाज कसली? बदलायचा तो कागद.

आधी माप

माप दुसऱ्याकडून घ्यावे. हात बाजूला आडवा उचलला की खांद्यावर जिथे खळगी पडते, ते खांद्याचे टोक. तिथे खूण करून हात खाली सोडावा. पाठीमागून एका टोकापासून मानेच्या हाडावरून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावावी. तेच खांद्याचे माप. ते १४ इंच आले तर कागदावर निम्मे, म्हणजे ७ इंच घ्यायचे. कारण कापड दुहेरी असते. नमुन्यात साडेसात इंच असेल तर टोकाशी अर्धा इंच कमी करावा आणि मुंढ्याची नवी रेघ मुंढ्याच्या मध्यापर्यंत हलकेच जुन्या रेघेला मिळवावी. काखेकडचा भाग तसाच ठेवावा. खांदा कमी पडत असेल तर याच रीतीने वाढवावा.

सुरकुत्या काय सांगतात?

चांगल्या कापडाला एकदम कात्री लावू नये. मांजरपाटाच्या किंवा जुन्या चादरीच्या तुकड्यावर कच्ची शिलाई घालून कपडा अंगात घालावा आणि आरशात पाहावे.

मानेकडून काखेकडे तिरक्या सुरकुत्या पडल्या, तर खांदा नमुन्यापेक्षा उतरता आहे. टोकाशी सैल कापड चिमटीत धरून टाचणी लावावी. मानेशी मात्र काही घेऊ नये. चिमटीत एकूण अर्धा इंच कापड आले, तर पुढच्या व मागच्या भागातून पाव-पाव इंच कमी करावे. काखही दोन्ही भागांत पाव इंच खाली उतरवावी. हे विसरले तर मुंढा लहान होतो आणि कपडा काखेत रुततो.

उलट, टोकाशी कापड ताणले जाऊन मागे गळ्याखाली आडवी घडी पडली, तर खांदा सपाट आहे. तिथे टोकाशी वाढवावे आणि काख तेवढीच वर घ्यावी.

खांद्याची शिलाई टोकाशी मागे पडलेली दिसली, तर खांदे पुढे झुकलेले आहेत. टोकाशी पुढच्या भागातून पाव इंच काढून मागच्या भागाला वाढवावा. बाहीचा मध्यही तेवढाच पुढे सरकवावा.

एकच खांदा खाली असेल तर कापड दुमडून कापू नये. उजवी व डावी बाजू वेगवेगळी आखावी.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे ते नंतर आटत नाही. खांद्याला पाऊण इंच दाब ठेवला तर पुढे उसवून वाढवता येते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटका पेहराव करण्यास आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले कपडे व दागिने टाकून देण्यास सांगितले. त्यात महागड्या कपड्यांचा आग्रह नव्हता, स्वाभिमानाचा होता. अंगावर नीट बसलेला साधा सुती कुडताही तो स्वाभिमान राखतो.

म्हणून विहारातील महिला मंडळांनी एखाद्या रविवारी टेप, जुन्या वर्तमानपत्रांचे कागद आणि टाचण्या घेऊन एकत्र बसावे. एकीने दुसरीचे माप घ्यावे. प्रत्येकीच्या नावाचा कागदी नमुना तयार झाला, की पुढची अनेक वर्षे तोच उपयोगी पडेल.

जयभीम!