डोळ्यातला घड

ऑगस्टच्या अखेरीस इंदापूर तालुक्यातल्या कळस-बोरीच्या पट्ट्यात द्राक्षबागेत शिरलं, तर मांडवावर नुसती पानं आणि तपकिरी होत आलेल्या काड्या दिसतात. घड एकही नसतो. तरीही बागाईतदार त्यातल्या काही काड्या कापून प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे काडीवरचा मुगाएवढा डोळा पात्याने उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आत घड असतो. पुढच्या फेब्रुवारीत तोडायचा घड, त्याच्या बारीक बारीक फांद्यांसकट, तिथे आधीच घडी घालून बसलेला असतो. तो काडीच्या चौथ्या डोळ्यात आहे की सातव्या, हे कळलं की ऑक्टोबरात कात्री कुठे चालवायची ते ठरतं.

हा घड तिथे आला कधी? खरड छाटणीनंतर. एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढतात. वेल उघडीबोडकी होते, मग नवी फूट येते. त्या फुटीच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा घडत असतो आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात त्या डोळ्यात पेशींचा एक इवलासा उंचवटा उगवतो. त्याचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. भरपूर ऊन, ऊब आणि पाण्याचा थोडा ताण मिळाला, तर त्याचा घड होतो. आभाळ भरून राहिलं, पाणी आणि नत्र जास्त झालं, फूट माजली, तर त्याचीच बाळी होते. आधाराला विळखा घालणारी बाळी आणि तोंडात पाणी आणणारा घड हे मुळात एकच अवयव! ज्या वर्षी मे-जूनमध्ये ढग रेंगाळतात, त्या वर्षी हिवाळ्यात मांडव रिकामा का दिसतो, याचं उत्तर इथे आहे. नुकसान सहा महिने आधीच झालेलं असतं, फक्त ते दिसत नाही.

हा निर्णय घेतं कोण? वेलीतली संप्रेरकं. सायटोकायनिन घडाकडे ओढतं, जिबरेलिन बाळीकडे. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस या संशोधकांनी द्राक्षाच्या एका बुटक्या वेलीचा उलगडा केला. त्या वेलीला जिबरेलिन जाणवतच नव्हतं आणि जिथे बाळ्या यायच्या, तिथे तिला घड लागत होते. आता गंमत अशी, की हेच जिबरेलिन म्हणजे आपल्या बागाईतदारांचं 'जीए'. घड बाहेर पडल्यावर बागाईतदार तो जीएच्या द्रावणात बुडवतात, तेव्हा कुठे बिनबियांचा मणी टपोरा होतो. जीए पहिल्यांदा हाती लागलं तेही द्राक्षात नव्हे, भातात. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडायची. त्यामागे एका बुरशीने सोडलेलं रसायन आहे, हे १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं. भाताचा रोग आणि इंदापूरची निर्यातक्षम द्राक्षं यांच्यामध्ये एकच रेणू उभा आहे. मे महिन्यात तो घड मोडतो आणि डिसेंबरात तोच घड भरतो.

द्राक्ष ही खरं तर थंडीत झोपणारी वेल. जगातल्या बहुतेक नामांकित बागा ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. तिथे हिवाळ्यात पानं झडतात, वसंतात डोळे आपोआप फुटतात आणि उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. कळस अठराव्या अक्षांशाच्या आसपास. इथे वेलीला झोपवायला थंडी नाही. पण काडीवरचे डोळे मात्र सवयीने मिटलेले राहतात. म्हणून ऑक्टोबरातल्या फळछाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. या रसायनाने डोळ्याच्या श्वसनात असा काही गोंधळ उडतो, की तो जागा होतो आणि सगळी बाग एका वेळी फुटते. वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच, ही आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी बसवलेली घडी मला द्राक्षशेतीतली सगळ्यात मोठी करामत वाटते.

मुळांचीही एक कथा आहे, थोडक्यात सांगतो. कालव्याच्या पाण्याने या भागातल्या काही जमिनी क्षारपड झाल्या. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाचं स्वतःचं मूळ असल्या जमिनीत टिकत नाही. म्हणून आधी डॉगरिज नावाचा टेक्सासकडचा रानटी खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या वाणाचं कलम बांधायचं. मूळ अमेरिकेचं, शेंडा युरोप-आशियाचा आणि खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेली दख्खनची माती.

आता वाइनच्या द्राक्षांसाठी नीरा नदी ओलांडू. पलीकडे माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा. तिथल्या अकलूजचं मोहिते-पाटील घराणं महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शंकरराव मोहिते-पाटलांमुळे आणि सहकारी साखर कारखान्यामुळे. त्याच घरातल्या रणजितसिंह आणि अर्जुनसिंह यांनी इटलीचे सेची बंधू आणि दिल्लीचे सेख्री बंधू यांच्यासोबत 'फ्राटेली' ही वाइनरी उभी केली. भावांच्या तीन जोड्या. मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड इथे मिळून सुमारे २४० एकर बाग. त्यासाठी युरोपातून लाखो कलमं आणली. वाइन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. त्यांच्या 'सेत्ते' या वाइनमध्ये टस्कनीचं सांजोव्हेजे आणि फ्रान्सचं काबर्ने सोव्हिन्यों एकत्र येतात.

वाइनची बाग खाण्याच्या द्राक्षांच्या बागेच्या अगदी उलट चालते. इथे मणी लहान हवा, साल जाड हवी, बीही हवं. कारण गर बहुधा पांढराच असतो. लाल रंग आणि तुरटपणा येतो साली-बियांतून. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून जीए नाही आणि एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवलेला. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं आणि रंग चढू लागतो. तेव्हाच्या थंड रात्री मोलाच्या. उष्ण रात्री वेल श्वसनात आंबटपणा जाळून टाकते; रात्र गार असली की तो मण्यात टिकतो. कोरडी हवा, उजळ दिवस, गार रात्र: या दुष्काळी पट्ट्याची जी हवा पिकांना जड जाते, तीच इथे कामी येते.

गोडी मोजायची ती ब्रिक्समध्ये, म्हणजे ढोबळमानाने रसातल्या साखरेच्या टक्क्यांत. उसाच्या रसाला कारखान्यात हेच माप लावतात, त्यामुळे नीरेच्या खोऱ्यात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २३-२४ ब्रिक्सला तोडणी झाली, तर यीस्ट त्या साखरेचं साधारण तेरा टक्के अल्कोहोल करतं आणि जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून देतं. वाइनमध्ये टिकून राहतं ते टार्टारिक आम्ल. फळांमध्ये ते भरपूर सापडतं ते द्राक्षात आणि आपल्या चिंचेत. याच आम्लाच्या क्षारांचे स्फटिक चिमट्याने वेचताना १८४८ साली तरुण लुई पाश्चरला दिसलं, की काही स्फटिक डावे आहेत आणि काही उजवे, आरशातल्या प्रतिमेसारखे. रेणूंनाही डावं-उजवं असतं, या शोधाची सुरुवात ही.

मला सगळ्यात जास्त थक्क करते ती या वेलींची वंशावळ. १९९७ साली बॉवर्स आणि मेरेडिथ यांनी डीएनए तपासून सिद्ध केलं, की काबर्ने सोव्हिन्यों हे काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं अपत्य आहे. काही शतकांपूर्वी फ्रान्समध्ये एक बी रुजलं, त्याची एक वेल झाली. त्यानंतर पुन्हा बी नाही, फक्त काडीवरून काडी. म्हणजे मोटेवाडीतली काबर्ने सोव्हिन्योंची वेल ही त्या वेलीची वंशज नव्हे. ती वेल तीच आहे, अजून जिवंत.

पण इतक्या काड्यांमध्ये एखादी कधीतरी बदलते. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या बागेतल्या वेगळ्या वाढणाऱ्या घडांवर नजर ठेवली आणि लांब मण्यांचं सोनाका वाण हाती लागलं. पुढे काळ्या किशमिशमधून असंच निवडून त्यांनी शरद सीडलेस दिलं. तेव्हा कळसच्या एखाद्या बागेत यंदा एका काडीचे मणी शेजारणीपेक्षा लांब, गोल किंवा गडद दिसले, तर खरड छाटणीच्या आधी त्या काडीला खूणचिठ्ठी बांधायला हवी आणि तिचे दोन-चार डोळे खुंटावर चढवून बघायला हवेत.