डिसेक्शन हॉलमधला अनुभव मोजायचा कसा?

काखेतली चरबी चिमट्याने बाजूला करत ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हजचं जाळं, मोकळा करायला पहिल्या वर्षाच्या मुलांना सहज दोन तास लागतात. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. पुढे उभ्या असलेल्यांना नर्व्ह दिसते, मागच्यांना फक्त पुढच्यांचे अ‍ॅप्रन. तरीही मागचा मुलगा रात्री होस्टेलवर चौरसियांचं पाठ्यपुस्तक घोकून अवयव ओळखण्याच्या स्पॉटर परीक्षेत पुढच्याइतकेच गुण मिळवू शकतो. दोघांचं शिकणं मात्र सारखं झालेलं नसतं आणि गुणपत्रिकेत त्याचा पत्ता लागत नाही.

हा फरक पकडण्याचा पाया १९७६ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला घातला गेला. फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले आणि काय समजलं, कसं वाचलं, हे विचारलं. काही जण लेखकाला काय म्हणायचंय ते शोधत होते; काहींचं लक्ष पुढे विचारलं जाईल अशा तपशिलांवर होतं. पुढच्या प्रयोगात प्रश्नांची जातच बदलून पाहिली. तपशिलाचे प्रश्न येतात हे कळताच मुलं वरवर वाचू लागली. अर्थ विचारणारे प्रश्न दिल्यावर मात्र सगळेच खोलात शिरले नाहीत. काहींनी सारांश सांगण्याची युक्ती तेवढी साधली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. घोकंपट्टी हा मुलाचा स्वभाव मानून आपण मोकळे होतो, पण पुष्कळदा ती त्याने आपल्या परीक्षेला दिलेलं उत्तर असते.

याच विचारातून पुढे प्रश्नावल्या आल्या. जॉन बिग्ज आणि सहकाऱ्यांची २००१ची सुधारित प्रश्नावली वीस विधानांची आहे: दहा खोल शिकण्याची, दहा वरवरच्या. डंडीत १९९७ साली तयार झालेली ‘ड्रीम’ प्रश्नावली पन्नास विधानांतून कॉलेजातलं वातावरण तपासते आणि दोनशेपैकी गुण देते. खास अ‍ॅनाटॉमीसाठी साउदॅम्प्टनमध्ये क्लेअर स्मिथ आणि मथायस यांनी प्रश्नावली बनवली आणि २०१०मध्ये तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना शवावर शिकणं सर्वांत परिणामकारक वाटत होतं.

आपल्याकडे ही मोजणी जास्त निकडीची आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७च्या नियमावलीने पहिलं एमबीबीएस दीड वर्षावरून एका वर्षावर आणलं. २०१९च्या अभ्यासक्रमात एकट्या अ‍ॅनाटॉमीचे ८२ विषय आणि त्याखाली ४०९ क्षमता होत्या. एवढ्या घाईत रेडियल नर्व्हचा मार्ग पाठ होतो. पण दंडाचं हाड मोडलं की मनगट का लोंबकळतं, हे त्याच मार्गावरून ओळखायला उसंत लागते.

प्रश्नावलीतल्या ‘सहमत’ ते ‘असहमत’ अशा पाच पर्यायांत न मावणारंही बरंच असतं. टेबलावरचा देह कुणाच्या तरी देहदानातून आलेला असतो किंवा १९४९च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यानुसार मिळालेला बेवारस असतो. पहिल्या दिवशी काहींना जेवण जात नाही. काही जण आठवडाभरात रुळतात आणि आपण इतक्या लवकर रुळलो याचीच त्यांना टोचणी लागते. हे लिहिण्यासाठी प्रश्नावलीच्या शेवटी कोरी जागा हवी, आणि तिथे मराठीत लिहिण्याची मुभाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीतलं नकारार्थी विधान ‘असहमत’ म्हणून खोडायचं म्हणजे आधी भाषेची परीक्षा द्यावी लागते. मग तिचा आकडा नक्की कशाचा?

विचारायचं कधी आणि कुणी, यावरही बरंच अवलंबून आहे. इंटर्नल असेसमेंटच्या तोंडावर, रोल नंबरासकट, विभागातल्याच शिक्षकांनी फॉर्म वाटले तर सगळीकडे ‘उत्तम’ येणारच. म्हणून फॉर्म बिननावी असावेत, विभागाबाहेरच्या कुणीतरी गोळा करावेत. एकदा पहिल्या सत्रात विचारावं, एकदा वॉर्ड सुरू झाल्यावर. निकाल विद्यार्थ्यांसमोर सूचनाफलकावर लावावा आणि त्यावरून डेमोच्या बॅचेस लहान केल्या की नाही, तेही त्याच कागदावर लिहावं.