विश्लेषण : प्रयोगशाळेत वाढवलेला स्नायू ‘व्यायाम’ कसा करतो?

व्यायामाने शरीरातील दाह, म्हणजे आतली सूज कमी होते, असे डॉक्टर सांगतात. पण हे काम नेमके कोण करते? व्यायाम करताना हृदय, फुप्फुसे, मेंदू, रोगप्रतिकारक पेशी असे सारेच कामाला लागतात. त्यातला स्नायूचा वाटा वेगळा काढायचा, तर स्नायू एकटा हवा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने तो प्रयोगशाळेतच वाढवला.

स्नायू कसा तयार होतो?
माणसाच्या स्नायूच्या लहानशा तुकड्यातून, अजून पूर्ण स्नायू न बनलेल्या पेशी घेतात. त्यांची संख्या वाढवून त्या जेलीसारख्या आधारात ठेवतात आणि पोषक द्रव देतात. पेशी एका दिशेत जुळतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांचे लांब तंतू होतात. आकुंचन पावणारा असा मानवी स्नायू प्रा. नेनाद बुर्साक यांच्या गटाने २०१५ मध्ये जगासमोर आणला.

मग व्यायाम कसा?
शरीरात स्नायूला आदेश मज्जातंतूंकडून मिळतो. इथे ते काम विजेचे सौम्य झटके करतात. प्रत्येक झटक्याला स्नायू आखडतो, मग सैल होतो.

काय आढळले?
‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांनी स्नायूला आठवडाभर ‘इंटरफेरॉन गॅमा’ हे दाह वाढवणारे प्रथिन दिले. तंतू बारीक झाले, ताकद घटली. मात्र त्याच काळात ‘व्यायाम’ही दिलेल्या स्नायूंचे नुकसान जवळपास टळले. तिथे रोगप्रतिकारक पेशी नव्हत्याच. म्हणजे दाहाशी लढण्याची ताकद स्नायूच्या स्वतःच्या पेशींतही आहे.

संधिवातावरील टोफासिटिनिब आणि बॅरिसिटिनिब या औषधांनीही असाच परिणाम साधला. ही औषधे पेशीतील ज्या संदेशमार्गाला रोखतात, त्यालाच व्यायामानेही आवर घातला.

याचा उपयोग कोणाला?
दीर्घकाळच्या दाहामुळे संधिवाताच्या रुग्णांचे स्नायू झिजतात. औषध स्नायूवर काय परिणाम करते, हे रुग्णाला देण्याआधी अशा ऊतीवर पाहता येते.

मर्यादा कोणत्या?
या स्नायूत रक्ताभिसरण नाही, मज्जातंतू नाहीत. त्यामुळे इथले निष्कर्ष माणसांमध्ये तपासावेच लागतात. शिवाय व्यायामाचा लाभ हृदय, हाडे आणि मनालाही होतो. एका संदेशमार्गाला रोखणारी गोळी तेवढे सगळे करू शकत नाही.