अझोलाच्या पानातले नत्रकर

गोंदिया हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा. रोवणीनंतर बांधीत साचलेल्या पाण्यावर अझोला सोडला, की काही दिवसांत हिरवी साय धरते. अझोला दिसतो शेवाळासारखा, पण ते तरंगणारे नेचे आहे. त्याची खरी किंमत पानात दडलेली आहे. प्रत्येक इवल्या पानाच्या वरच्या पाळीत एक पोकळी असते आणि तिच्यात नीलहरित जिवाणूंच्या माळा राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली या माळेत मधूनमधून जाड भिंतीची, फिकट पेशी दिसते. हवेतला नत्र अमोनियात बदलणारे विकर याच पेशीत असते आणि प्राणवायू लागताच ते निकामी होते. पेशीची जाड भिंत प्राणवायूला बाहेर थोपवते. जिवाणू नत्र देतो, नेचे निवारा देते. हे नाते इतके जुने, की या जिवाणूला आता स्वतंत्र जगता येत नाही. बीजाणूंसोबतच तो पुढच्या पिढीत जातो.

चिखलात अझोला गाडला, की तो कुजतो आणि नत्र धानाला मिळतो. त्यामुळे युरियाची गरज कमी होते, संपत नाही. स्फुरद कमी पडले तर अझोलाची वाढ खुंटते, उन्हाळ्यात त्याला सावली लागते. जनावरांनाही तो प्रथिनयुक्त चारा म्हणून घालतात.

समुद्रात अशीच एक भागीदारी आणखी पुढे गेली आहे. एका एकपेशीय सागरी शैवालातला नत्र स्थिर करणारा जिवाणू त्या पेशीचा अवयवच बनल्याचे संशोधकांनी 2024 मध्ये दाखवले. त्याला ‘नायट्रोप्लास्ट’ हे नाव मिळाले. धानाच्याच पेशीत अशी सोय करता येईल का, हा त्यातून उभा राहिलेला प्रश्न आहे.